चार नंबरच्या कॉलमखाली

खाला, चार नंबरचा कॉलम मी सरकवला नव्हता.

हे वाक्य सहा वर्षं माझ्या तोंडात आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले आणि आता मी ते बोलतो आहे. मोजणीच्या कामात हयात गेलेल्या माणसाने उशिराला उशीरच म्हणावं, म्हणून तसंच म्हणतो. मय्यतीच्या दिवशी तुमच्या अंगणात सगळा मोहल्ला बसला होता. वरून चिंचेचा बारीक पाला पडत होता, टोप्यांवर, खांद्यांवर, आणि कोणीही तो झटकत नव्हतं. मी तुमच्या लेकाच्या, रशीदच्या शेजारी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

आपल्या दोन घरांच्या मध्ये साडेचार फुटांची भिंत. तिच्या पलीकडे नऊ फुटांवर तुमची चिंच, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर अकरा फूट दोन इंच. अलीकडे माझा प्लॉट. आष्टीत तेव्हा सगळीकडे बांधकामं निघाली होती. मीही भाड्याच्या घरातून निघायचं ठरवलं, नकाशा काढला आणि एका सकाळी चुन्याच्या फक्कीने रेघा ओढल्या. तुम्ही भिंतीवर कोपरं टेकून बघत होता.

"टेपवाले," तुम्ही म्हणालात. माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाही. "या कागदावर माझं झाड कुटं हाय?"

मी म्हणालो, झाड तुमच्या हद्दीत आहे, माझ्या नकाशात ते येत नाही.

"झाडाला सांगितलं का कुनी हे?"

मी हसलो. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आलो, तर माझ्या प्लॉटवर चिंचोके मांडलेले. दर हातावर एक, लांबच लांब वळणदार ओळ. रस्त्याच्या कडेला तुम्ही रिकामी टोपली घेऊन उभ्या होता. चार वाजता सावलीची कड जिथे जिथे होती, तिथे तिथे तुम्ही चिंचोका ठेवला होता. मी समजावून सांगितलं की मूळ साधारण झाडाच्या घेराएवढं पसरतं असं धरायचं, मी भर दुपारी सावली मोजली आहे, बुंध्यापासून एकतीस फूट. तुम्ही टोपली कमरेवर घेतलीत.

"बाराला झाड अंग चोरून बसतं, टेपवाले. चार वाजता पाय पसरतं. तवा मोजायचं."

चारच्या सावलीत माझा अख्खा प्लॉट येत होता. तसं धरलं तर मी घर बांधायचं कुठे? तरी त्या ओळीत काहीतरी होतं. ऊन उतरलं, सावली चिंचोक्यांना ओलांडून पुढे गेली आणि रस्ता, गटार, समोरच्या गिरणीची भिंत सगळं त्या एका झाडाखाली आलं. आपण दोघं तिथे उभे होतो. मग वर झाडाची पानं मिटू लागली. चिंच संध्याकाळी पानं मिटते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, तेही तुम्ही बोट करून दाखवलंत म्हणून.

मग आपल्यात ठरलं. जेसीबी आणायचा नाही. सलग पाया खणायचा नाही, नऊ कॉलमचे नऊ खड्डे, तेही हाताने. भिंती जमिनीवर न टेकता फूटभर वरून जाणाऱ्या बीमवर उभ्या राहतील, खालची माती आहे तशी राहील. वाळूखडीचा ढीग झाडाकडच्या बाजूला टाकायचा नाही, सिमेंटची घमेली तिथे धुवायची नाहीत. मूळ अंगठ्याएवढं असलं तर धारेच्या हत्याराने एका घावात कापायचं, मनगटाएवढं असलं तर त्याला हात लावायचा नाही. लक्ष्मणमिस्त्रींनी मान हलवली खरी, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, घर तुमचं हाय का झाडाचं, एकदा नक्की सांगा.

त्या एप्रिलचे वीस-बावीस दिवस मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. खड्डे उघडे, त्यांत मुळं आडवी गेलेली, काही बोटाएवढी, काही हाताएवढी, तांबूस, ओलसर. उन्हाने ती सुकू नयेत म्हणून तुम्ही चिंच भरायची जुनी गोणपाटं आणून त्यांच्यावर टाकली होती. सकाळी आणि दुपारी तुम्ही लोटा घेऊन एकेका खड्ड्याशी जायच्या आणि गोणपाट भिजवायच्या. ओल्या गोणपाटातून आंबूस वास यायचा. मजूर खड्ड्यात उतरून खुरप्याने माती काढायचे तेव्हा त्यांचं फक्त डोकं वर दिसायचं आणि तुम्ही काठावर पाटावर बसून त्यांना त्यांच्या गावच्या गोष्टी विचारायच्या. मला वाटायचं, इथे घर बांधणं चाललेलं नाही, कोणाची तरी सेवा चालली आहे. आजारी माणूस जमिनीखाली झोपलेला आहे आणि आपण सगळे हळू आवाजात बोलतो आहोत.

नऊ नंबरचा खड्डा बुंध्यापासून एकेचाळीस फुटांवर होता. तिथे करंगळीएवढं एक मूळ निघालं. तुम्ही ते मोडलंत, हुंगलंत, दाताखाली धरलंत आणि म्हणालात, "माझंच हाय." मी म्हणालो, रस्त्यापलीकडे लिंब आहे, त्याचंही असेल. तुम्ही म्हणालात, मग खाऊन बघा, कडू लागतंय का. मी खाल्लं नाही. तो वाद तसाच राहिला, खाला. पुढे कितीदा तरी तुम्ही भिंतीवरून विचारलंत, "एकतीस का एकेचाळीस?" आणि मी दर वेळी म्हणालो, पुरावा नाही.

आणि चार नंबर. बुंध्यापासून सोळा फूट. तीन फूट खाली गेल्यावर एक मूळ लागलं, घेर बावीस इंच. खड्ड्याच्या बरोबर मधून. सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. लक्ष्मणमिस्त्री म्हणाले, कॉलम सव्वादोन फूट बाजूला घेऊ, बीममध्ये दोन सळया जास्त टाकू, घर कुठं जात नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, सरकवू. त्या दिवशी ते मी मनापासून म्हणालो होतो, एवढं तरी माना.

दोन दिवसांनी तुम्ही मुलीकडे परळीला गेलात, आठ दिवसांसाठी. जाताना आमच्या हिला, सुनंदाला सांगून गेलात की गोणपाटं भिजवत जा. तिने भिजवली. मी मात्र संध्याकाळी त्या खड्ड्याशी टेप घेऊन बसायचो. चार नंबर हा मागच्या खोलीचा कोपरा. खोली सोळा बाय बारा. दोन्ही कर्ण बरोबर वीस फूट येणार होते, पूर्ण वीस, एक सूतही इकडेतिकडे नाही. मी आयुष्यभर लोकांच्या वाकड्या जमिनी मोजल्या. कोणाचा बांध तिरका, कोणाचा कोपरा नाल्यात गेलेला, भावाभावांत हातभर पट्टीवरून डोकी फुटलेली. मला एक खोली अशी हवी होती की जिच्यात काही वाकडं नाही. कॉलम सरकवला की एक भिंत तिरकी जाणार होती. बाहेरच्याला ती दिसलीही नसती. मला रोज दिसली असती.

पाचव्या दिवशी मी मिस्त्रींना सांगितलं, मूळ कापा.

ते खड्ड्यातून वर आले. विडी पेटवली. "मी न्हाई कापणार. म्हातारीला जबान दिली हाय. तुमीच दिली, मी ऐकली. तुमचा हात, तुमची करवत."

मीच उतरलो. चाळीस मिनिटं लागली. अर्ध्यावर करवत अडकू लागली, कारण मूळ ओलं होतं, आतून पाणी येत होतं. दोन्ही बाजूंनी कापून तीन फुटांचा तुकडा वर काढला तेव्हा माझी बनियन भिजलेली होती आणि मला कोणाकडेच बघवत नव्हतं. तो तुकडा फोडून, उन्हात वाळवून आम्ही आंघोळीच्या बंबात जाळला. चार दिवस पुरला. सुनंदाने विचारलं, एवढं जड लाकूड कुठून आणलं? मी म्हणालो, साइटवरचं आहे.

तुम्ही परत आलात तेव्हा कॉलम भरून झाला होता, माती ओढून झाली होती. चपलांना परळीच्या वीजकेंद्राची करडी राख तशीच होती. घरातही न जाता तुम्ही भिंतीशी आलात आणि विचारलंत, "चार नंबर सरकवला का?"

मी म्हणालो, "सरकवला."

तुम्ही दोन्ही हात उचललेत, कॉलममधून वर आलेल्या माझ्या सळयांकडे बघून म्हणालात, "अल्ला हे घर आबाद ठेवो." मिस्त्री पलीकडे वाळू चाळत होते. त्यांची चाळणी थांबली. मग परत सुरू झाली.

त्या खोलीत मी दुपारी झोपतो, खाला. छान खोली आहे. दोन्ही कर्ण वीस फूट आहेत. पश्चिमेच्या खिडकीतून तुमच्या झाडाचा हिरवा उजेड आत येतो आणि फरशीवर हलत राहतो, पाण्याखाली झोपल्यासारखं वाटतं. मला तिथे एकच स्वप्न पडतं, थोड्याफार फरकाने. खोली होडीसारखी हलकी झालेली असते आणि खाली, फरशीच्या खाली, दुसरं एक झाड असतं, उलटं, वरच्या झाडाएवढंच मोठं. त्याच्या फांद्यांमधून तुम्ही चालत असता, लोटा घेऊन. एकेका फांदीशी थांबता, पाणी घालता, पुढे जाता. माझ्या कोपऱ्याखाली आलात की थांबता आणि वर बघता. रागाने बघत नाही तुम्ही. नुसतं, फांदी कुठे गेली असं शोधल्यासारखं. मी वरून ओरडून सांगायचा प्रयत्न करतो आणि तोंडातून आकडे येतात. सोळा. बारा. वीस.

तुमचा एक रिवाज होता, तो आष्टीत दुसऱ्या कोणाचा मी ऐकला नाही. झाड झोडपून झालं, बायका चिंचा फोडायला बसल्या, चिंचोके वेगळे झाले, की ज्या ज्या घरावर तुमच्या चिंचेची सावली पडते त्या घराला वाटा. पाला तुमच्या दारात पडतो, मग फळबी पडू द्या, असं तुम्ही म्हणायच्या. आमच्या घराचा वाटा सात किलो. मी दर वर्षी तो काट्यावर घालून बघायचो, सवयच तशी. कधी सात, कधी सात किलो शंभर ग्रॅम. कमी कधीच नाही.

झाडाचं मात्र तसं नव्हतं. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या बाजूची पालवी विरळ आली. त्याच वर्षी चिखल नको म्हणून मी मागच्या मोकळ्या जागेत भिंतीपर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. तुम्ही म्हणालात, झाडानं श्वास कुठनं घ्यायचा? मी म्हणालो, ब्लॉकच्या मध्ये फटी आहेत. तिसऱ्या वर्षी माझ्या बाजूच्या बारीक काटक्या वाळल्या. तेव्हापासून तुम्ही सगळं पाणी त्याच बाजूला घालू लागलात. पाचव्या वर्षी दोन मोठ्या फांद्या चैतातही उघड्या राहिल्या. त्यांना चिंच लागलीच नाही. तुम्ही मात्र डबा घेऊन आलात, सात किलो.

मी म्हणालो, खाला, माझ्या बाजूच्या फांदीला काही आलंच नाही, हे कुठलं?

"फांदी कुटली ते कावून बघू? सावली पडते ना अजून तुमच्यावर?"

मी म्हणालो, सावलीही कमी झाली आहे.

"सावली मोजून आमटी खाता का बे तुमी?" तुम्ही म्हणालात. मोठ्या बाईने मला बे म्हटलं म्हणून सुनंदा आत पोट धरून हसली. तुम्हीही हसलात. मीही. त्या रात्रीची आमटी मला आठवते, कारण मला दुसरा घास गेला नाही.

तुम्हाला माहीत होतं का? मी हा हिशोब पुष्कळदा मांडला. माहीत असतं तर वाटा थांबला असता, असं म्हणावं तर तुम्ही वाटा थांबवणाऱ्या नव्हता. माहीत नसतं तर सगळं पाणी त्याच बाजूला का घालायच्या, असं म्हणावं तर आजारी अंगाकडे हात जातोच. पुरावा नाही. म्हणून मी असं धरतो की तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून गेलात. मला सोयीचं होईल असं काही धरायचं नाही, एवढंच आता माझ्या हातात आहे.

तुमच्या जाण्यानंतर सोळाव्या दिवशी वावटळ आली. वाळलेल्या दोन फांद्यांपैकी एक मोडून माझ्या गच्चीवर पडली, पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलं. दुसऱ्या दिवशी रशीद गॅरेजमधून तसाच काळ्या हातांनी आला. हातात कागद. नगरपंचायतीला अर्ज, झाड किडलेलं आहे, शेजारच्या घराला धोका आहे, तोडायची परवानगी द्यावी. खाली शेजाऱ्याची सही लागते.

"आम्मी व्हती तवर मी गप व्हतो, भाऊ," तो म्हणाला. "आता तुमच्या डोक्यावर पडल्यावर मी कुनाला तोंड दाखवू? चालिसावा झाला की पाडून टाकतो."

माझ्या काळजीने तो झाड तोडणार होता. मी कागद ठेवून घेतला. पाच दिवस तो मागच्या खोलीत खिडकीत होता, वर चष्म्याची डबी ठेवलेली, आणि हिरवा उजेड त्याच्यावर हलत होता. सही केली असती तर सगळं मिटलं असतं. झाड गेलं असतं, मूळ गेलं असतं, कोणी कधी उकरून पाहिलं नसतं. मी अंगणात उभा राहून मोजलं. मोठ्या फांद्या सात. पैकी एक मोडलेली, एक वाळलेली, दोन्ही माझ्या बाजूच्या. पाच गच्च हिरव्या. किडलेलं झाड असं एकाच बाजूला, एकाच रेषेत वाळत नाही.

चार दिवसांपूर्वी सकाळी मी कागद परत घेऊन तुमच्या घरी गेलो. पाटावर बसलो, तुमच्याच. रशीदला सांगितलं की झाडाला कीड नाही. जखम आहे. मी केली आहे. मूळ किती जाड, किती खोल, किती वेळ लागला, तुकड्याचं काय केलं, तुम्ही काय विचारलंत, मी काय उत्तर दिलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली.

"दोन साल," तो शेवटी म्हणाला. "दोन साल मी किडीचं औषध आणून बुडाशी ओततोय. आम्मी म्हनायची, औषध नको, पानी घाल. मी तिच्यावर वरडायचो, तुला काय कळतंय म्हनून."

मी म्हणालो, वाळलेली फांदी मी माझ्या खर्चाने, झाड जाणणाऱ्या माणसाकडून उतरवून घेतो. ब्लॉक काढतो. माझ्या बाजूची सगळी जमीन मोकळी करतो. मूळ परत येणार नाही, बाकीची जगतील की नाही ते सांगता येत नाही, पण पाडू नका.

त्याने कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चहाही दिला नाही. मी उठून आलो.

त्या दुपारी मी पहिला ब्लॉक उचकटला. खालची माती दगड झालेली, पांढरी, एक मुंगी नाही. उतरत्या दुपारची असरची नमाज झाल्यावर भिंतीवरून कोणीतरी उतरल्याचा आवाज आला. रशीद होता. माझ्याकडे न बघता तो दुसऱ्या टोकाला बसला आणि ब्लॉक काढायला लागला. दिवस मावळेपर्यंत त्याचे शहाण्णव झाले, माझे चौपन्न. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. सुनंदाने दोन कप भिंतीवर ठेवले, त्याने एक उचलला. तिसऱ्या दिवशी जागा मोकळी झाली. मी एक बादली, पंधरा लिटर, चार नंबरच्या कोपऱ्याबाहेर ओतली. पाणी तसंच उभं राहिलं, आरशासारखं, त्यात तुमच्या झाडाची उघडी फांदी दिसत होती. ती बादली मुरायला एक तास दहा मिनिटं लागली. मी घड्याळ घेऊन बसलो होतो. रशीद आपल्या अंगणात गेला होता, पण दार लावल्याचा आवाज काही आला नाही.

आज सकाळपासून मी हाताने, खुरप्याच्या टोकाने ती माती मोकळी केली, बोटबोट खोल, मूळ लागलं की थांबायचं असं ठरवून. तिसऱ्या हातावर एक बारीक पांढरं मूळ लागलं. जिवंत. त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि परवाच्याच जागी तेवढीच बादली ओतली.

पाणी दिसेनासं झालं तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला.

"किती?"

चार दिवसांत तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द, खाला.

"चव्वेचाळीस मिनिटं," मी म्हणालो.

मग नळाचा आवाज आला, आणि रशीदने एक भरलेली बादली भिंतीवर आणून ठेवली.